इंटिग्रिन आणि कर्करोग

इंटिग्रिन हे प्राण्यांच्या पेशींच्या पृष्ठभागावर आढळणाऱ्या ग्राही प्रथिनांचे एक कुल आहे. पेशींच्या भोवती कोलॅजेन, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन इत्यादी प्रथिनांचे जाळे असते. त्यास पेशीबाह्य आधारद्रव्य असे म्हणतात. या आधारद्रव्याला पेशी ज्या ग्राहींच्या साह्याने धरून राहते, त्यांत इंटिग्रिन प्रमुख होत. धरून ठेवण्याबरोबरच पेशी कोणत्या जागी आहे, भोवतालचा भाग मऊ आहे की ताठर, विभाजन करावे की थांबावे, याविषयीचे संदेशही ही प्रथिने पेशीच्या आत पोहोचवतात. कर्करोगाची सुरुवात, गाठीची वाढ, शेजारच्या ऊतकांत शिरकाव आणि दूरच्या अवयवांत प्रसार या सर्व टप्प्यांत इंटिग्रिनचा सहभाग आढळला आहे. असे असूनही इंटिग्रिनना रोखून कर्करोग बरा करण्याचे प्रयत्न रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांत यशस्वी झालेले नाहीत. एकच ग्राही एका परिस्थितीत गाठीला आवर घालतो, तर दुसऱ्या परिस्थितीत तिला साहाय्य करतो, हे या अपयशामागील एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

शोधाचा इतिहास

इंटिग्रिनचा शोध कर्करोगाविषयीच्याच एका प्रश्नातून लागला. विषाणूंमुळे कर्कपेशीत रूपांतर झालेल्या पेशी प्रयोगशाळेतील काचेच्या तळाला सैलसर चिकटतात आणि गोलसर दिसतात, तर त्याच प्रकारच्या निरोगी पेशी तळावर पसरून घट्ट बसतात. हा फरक कशामुळे पडतो, याचा शोध घेताना १९७३ मध्ये रिचर्ड हाइन्स यांना निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर एक मोठे प्रथिन आढळले. रूपांतरित पेशींवर ते जवळजवळ नव्हते. त्याच सुमारास फिनलंडमध्ये एर्की रुओस्लाहटी आणि अंट्टी वाहेरी हेही स्वतंत्रपणे याच प्रथिनापर्यंत पोहोचले. पुढे या प्रथिनाला फायब्रोनेक्टिन हे नाव मिळाले.

पेशी फायब्रोनेक्टिनला नेमकी कोठे पकडते, हे १९८४ मध्ये मायकेल पिअर्शबाकर आणि रुओस्लाहटी यांनी दाखवले. दोन हजारांहून अधिक अमिनो आम्लांच्या त्या लांबलचक साखळीत आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल असा केवळ तीन घटकांचा क्रम पकडीसाठी निर्णायक ठरतो. अमिनो आम्लांच्या एकाक्षरी चिन्हांवरून हा क्रम ‘आरजीडी’ म्हणून ओळखला जातो. हा क्रम असलेले छोटे कृत्रिम पेप्टाइड द्रावणात मिसळले असता पेशींची पकड सुटते. इंटिग्रिनविरोधी औषधांची कल्पना याच निरीक्षणातून पुढे आली.

‘इंटिग्रिन’ हे नाव १९८६ मध्ये हाइन्स यांच्या गटाने दिले. पेशीबाहेरील आधारद्रव्य आणि पेशीच्या आतील कंकाल यांना एकत्र जोडणारे प्रथिन, असा त्यामागील आशय आहे. श्वेतपेशींवरील ग्राहींचा अभ्यास करणारे टिमोथी स्प्रिंगर यांनी शोधलेली प्रथिनेही याच कुलातील असल्याचे स्पष्ट झाले. हाइन्स, रुओस्लाहटी आणि स्प्रिंगर यांना २०२२ चा मूलभूत वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार विभागून देण्यात आला.

रचना आणि कार्य

प्रत्येक इंटिग्रिन अल्फा आणि बीटा अशा दोन निरनिराळ्या उपघटकांच्या जोडीने बनलेला असतो. मानवात अल्फा उपघटकाचे १८ आणि बीटा उपघटकाचे ८ प्रकार असून त्यांच्यापासून २४ जोड्या तयार होतात. अल्फा-५ बीटा-१ ही जोडी मुख्यतः फायब्रोनेक्टिनला, अल्फा-२ बीटा-१ ही कोलॅजेनला आणि अल्फा-६ बीटा-४ ही लॅमिनिनला धरते. अल्फा-व्ही गटातील जोड्या आरजीडी क्रम असलेल्या अनेक प्रथिनांना बांधल्या जातात. दोन्ही उपघटकांचा मोठा भाग पेशीबाहेर असतो आणि प्रत्येकाचे एक शेपूट पेशीपटलातून आरपार आत गेलेले असते. बीटा-४ चा अपवाद वगळता ही शेपटे आखूड असतात.

निष्क्रिय अवस्थेत इंटिग्रिनचा बाहेरील भाग गुडघ्यात दुमडलेल्या पायासारखा वाकलेला असतो. सक्रिय होताना तो ताठ उभा राहतो आणि त्याची पकड घट्ट होते. अल्फा-व्ही बीटा-३ या जोडीच्या बाहेरील भागाची स्फटिकरचना २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा हा वाकलेला आकार प्रथमच स्पष्ट दिसला. पेशीच्या आतून टॅलिन आणि किंडलिन ही प्रथिने बीटा उपघटकाच्या शेपटाला बांधली गेली की ग्राही सक्रिय होतो. म्हणजे येथे संदेशवहन दोन्ही दिशांनी चालते. पेशी आतून आपली पकड घट्ट किंवा सैल करते आणि पकडीतून मिळालेली बाहेरची खबर आत येते.

इंटिग्रिनला स्वतःची विकरक्रिया नसते. आधारद्रव्याशी बांधलेले अनेक इंटिग्रिन एका जागी गोळा होतात आणि त्यांच्या आतील बाजूस शेकडो प्रथिनांचा समूह जमतो. त्यातील फोकल ॲढीजन कायनेज आणि सार्क ही दोन विकरे पुढील संदेशमालिका सुरू करतात. पेशीची वाढ, विभाजन, हालचाल आणि जिवंत राहणे या सर्वांचे धागे या मालिकांत गुंतलेले आहेत. वाढघटकांचे ग्राहीदेखील इंटिग्रिनच्या सहकार्यावाचून पूर्ण क्षमतेने काम करत नाहीत. एखाद्या पेशीला वाढीचा आदेश मिळाला, तरी तिला योग्य आधार नसेल तर तो आदेश बहुधा निष्फळ ठरतो.

आधार सुटलेल्या पेशीचा मृत्यू

शरीरातील बहुतेक पेशींना जगण्यासाठी आधारद्रव्याची पकड आवश्यक असते. आतड्याच्या अस्तरातील किंवा स्तनाच्या दुग्धनलिकेतील पेशी आपल्या आधारपटलापासून सुटली की काही तासांत नियोजित पेशीमृत्यूच्या मार्गाने नष्ट होते. स्टीव्हन फ्रिश आणि हंटर फ्रान्सिस यांनी १९९४ मध्ये या प्रकाराला ‘अनोइकिस’ हे नाव दिले. बेघर होणे असा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. जागा चुकलेल्या पेशीने दुसरीकडे रुजू नये, यासाठीची ही शरीराची व्यवस्था आहे आणि तिची पहारेकरी प्रामुख्याने इंटिग्रिन आहेत.

कर्कपेशी हा पहारा निरनिराळ्या मार्गांनी चुकवतात. काही पेशींत रास किंवा सार्क या जनुकांतील बिघाडामुळे पकड नसतानाही ‘पकड आहे’ असा संदेश आत चालू राहतो. काही पेशी इंटिग्रिनचे प्रकारच बदलतात, त्यामुळे नव्या जागेतील वेगळे आधारद्रव्यही त्यांना चालते. त्वचेचा मेलॅनोमा हा कर्करोग आडवा पसरण्याच्या टप्प्यातून खोल शिरण्याच्या टप्प्यात जातो, तेव्हा त्याच्या पेशींवर अल्फा-व्ही बीटा-३ दिसू लागतो, असे १९९० मध्येच आढळले होते. मऊ आगरमध्ये, म्हणजे पकडीला काहीच नसलेल्या माध्यमात, पेशींच्या वसाहती वाढतात का, ही कर्कपेशी ओळखण्याची जुनी प्रयोगशालेय कसोटीही याच गुणधर्मावर आधारलेली आहे.

परिसराचे नियंत्रण

कर्करोग हा जनुकांतील उत्परिवर्तनांमुळे होतो, हे विधान खरे असले तरी पुरेसे नाही. मीना बिसेल यांनी अमेरिकेतील बर्कली येथील प्रयोगशाळेत केलेल्या कामामुळे या विधानाची मर्यादा स्पष्ट झाली. राऊस सार्कोमा विषाणू कोंबडीच्या पिलात गाठ निर्माण करतो. मात्र तोच विषाणू अवघ्या चार दिवसांच्या भ्रूणात सोडल्यास गाठ होत नाही, असे डेव्हिड डॉलबर्ग आणि बिसेल यांनी १९८४ मध्ये दाखवले. कर्कजनुक पेशीत उपस्थित व कार्यरत असूनही भोवतालचा परिसर त्याला दाबून ठेवू शकतो, असा याचा अर्थ होतो.

इंटिग्रिनशी थेट संबंध असलेला प्रयोग व्हॅलेरी वीव्हर, बिसेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. स्तनातील निरोगी पेशी लॅमिनिनयुक्त मऊ जेलमध्ये वाढवल्या असता त्या दुग्धग्रंथीच्या कुपिकांसारखे नेटके गोल तयार करून थांबतात. त्याच वंशातील कर्कपेशी मात्र त्या जेलमध्ये अस्ताव्यस्त वाढत राहतात. या कर्कपेशींवर बीटा-१ इंटिग्रिनचे प्रमाण जास्त होते. बीटा-१ ला रोखणारे प्रतिपिंड जेलमध्ये मिसळल्यावर त्यांची वाढ थांबली आणि त्या निरोगी पेशींप्रमाणे गोलाकार रचनेत मांडल्या गेल्या. त्यांच्या जनुकांतील बिघाड जसेच्या तसे होते. प्रतिपिंड काढून घेतल्यावर त्या पुन्हा पूर्ववत अस्ताव्यस्त वाढू लागल्या. सपाट तबकडीत वाढवलेल्या पेशींत हा परिणाम दिसला नसता. इंटिग्रिनच्या अभ्यासात त्रिमितीय संवर्धनाला महत्त्व आले ते यामुळे.

ऊतकाचा ताठरपणा

स्तनातील गाठ बहुधा हाताला लागते ती भोवतालच्या भागापेक्षा कठीण असल्यामुळे. हा कठीणपणा कर्करोगाचा परिणाम म्हणून पूर्वीपासून परिचित होता. तो कारणही असू शकतो, हे अलीकडील संशोधनातून पुढे आले. गाठीतील तंतुजनक पेशी भरपूर कोलॅजेन तयार करतात आणि लायसिल ऑक्सिडेज हे विकर कोलॅजेनचे तंतू एकमेकांना आडव्या बंधांनी जखडते. अशा ताठर जाळ्यावर पेशी ओढ घेते तेव्हा इंटिग्रिन मोठ्या संख्येने एकत्र येतात आणि वाढीच्या संदेशमालिका अधिक जोराने चालू लागतात. वीव्हर यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले की, निरोगी स्तनपेशींना केवळ ताठर जेलमध्ये ठेवल्यानेही त्यांची नीट मांडणी बिघडते. २००९ मधील प्रयोगात उंदरांमध्ये लायसिल ऑक्सिडेजला रोखल्यावर ऊतकाचा ताठरपणा आणि गाठींचे प्रमाण या दोन्हींत घट झाली.

मुखकर्करोग आणि सुपारी

आधारद्रव्य आणि कर्करोग यांचा संबंध भारतात सर्वांत ठळकपणे दिसतो तो मुखकर्करोगात. सुपारी, गुटखा, मावा, विदर्भातील खर्रा यांच्या नियमित सेवनाने तोंडाच्या अस्तराखाली कोलॅजेन साचत जाते, गाल आतून ताठर व पांढुरके होतात आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होते. या विकाराला अवश्लेष्मल तंतुमयता म्हणतात. १९५३ मध्ये मुंबईतील कान-नाक-घसातज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन करून त्याला सध्या प्रचलित असलेले इंग्रजी नाव दिले. हा विकार कर्करोगपूर्व अवस्था म्हणून गणला जातो.

या विकारात अल्फा-व्ही बीटा-६ या इंटिग्रिनचा सहभाग आहे. निरोगी मुखअस्तरात हा ग्राही जवळजवळ नसतो. जखम भरताना आणि कर्करोगात तो प्रकट होतो. ऊतकात निष्क्रिय स्वरूपात साठवलेल्या ‘टीजीएफ-बीटा’ या वाढघटकाला मोकळे करणे, हे त्याचे विशेष कार्य आहे. मोकळा झालेला टीजीएफ-बीटा तंतुजनक पेशींना कोलॅजेन बनवण्यास प्रवृत्त करतो. सुपारीतील ॲरेकोलिन या अल्कलॉइडमुळे मुखपेशींवरील अल्फा-व्ही बीटा-६ चे प्रमाण वाढते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी असते हा समज यामुळे आणखी एका बाजूने खोटा ठरतो.

नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेतही मुखकर्करोगाच्या संदर्भात अल्फा-६ बीटा-४ इंटिग्रिनवर काम झाले आहे. मुखकर्कपेशींतील केराटिन ८ आणि १८ ही कंकालप्रथिने कमी केल्यास या इंटिग्रिनमार्फत चालणारे संदेशवहन बदलते आणि पेशींची कर्कप्रवृत्ती घटते, असे तेथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले.

शिरकाव आणि प्रसार

कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू मूळ गाठीमुळे न होता तिच्या दूरवरच्या प्रसारामुळे होतात. त्यासाठी पेशीला प्रथम आधारपटल फोडावे लागते. अभिस्तरातील पेशींना आधारपटलाशी खिळवून ठेवणारा अल्फा-६ बीटा-४ हा ग्राही येथे आपली भूमिका बदलतो. त्याच्या लांब शेपटाला फॉस्फेट गट जोडले गेले की खिळा सैल होतो, आणि मोकळा झालेला ग्राही वाढघटकांच्या ग्राहींच्या साथीने पेशीच्या हालचालीस मदत करू लागतो. कोलॅजेन कापणारी विकरे इंटिग्रिनच्या आसपास गोळा होऊन वाट मोकळी करतात. गाठीच्या कडेला काटकोनात मांडलेले कोलॅजेनचे ताणलेले तंतू पेशींना बाहेर पडण्यासाठी जणू रुळांसारखे उपयोगी पडतात.

प्रसार कोणत्या अवयवात होईल, हा प्रश्न जुना आहे. इंग्रज शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून असे मत मांडले की, प्रसार यदृच्छया होत नाही. बीजाला मानवेल अशीच भूमी लागते. या ‘बीज आणि भूमी’ सिद्धांताला २०१५ मध्ये डेव्हिड लायडन यांच्या गटाने इंटिग्रिनच्या भाषेत नवा आधार दिला. गाठीतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म पुटिकांवर अल्फा-६ बीटा-४ किंवा अल्फा-६ बीटा-१ असल्यास त्या फुप्फुसात, तर अल्फा-व्ही बीटा-५ असल्यास यकृतात जाऊन बसतात आणि कर्कपेशी येण्यापूर्वीच तेथील भूमी तयार करतात, असे त्यांना आढळले.

मात्र प्रत्येक इंटिग्रिन कर्करोगाच्या बाजूने असतो असे नाही. स्तनाच्या कर्कपेशींत अल्फा-२ बीटा-१ पुन्हा निर्माण केल्यावर त्यांची कर्कलक्षणे कमी झाली, असे १९९५ मध्ये दिसून आले. उंदरांत अल्फा-२ चे जनुक काढून टाकल्यास स्तनाच्या कर्करोगाचा प्रसार वाढतो, हेही पुढे सिद्ध झाले. याउलट उंदरांच्या स्तनग्रंथीतून बीटा-१ काढून टाकल्यास विशिष्ट कर्कजनुकामुळे होणाऱ्या गाठी तयार होण्यास अटकाव होतो. अल्फा-२ ची जोडी बीटा-१ शीच होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षांतील गुंतागुंत ध्यानात येते.

इतर ग्राही

आधारद्रव्याचे सर्वच ग्राही इंटिग्रिन नसतात. हायलुरोनिक आम्लाला धरणारा सीडी-४४ हा ग्राही अनेक रूपांत आढळतो. त्याच्या एका रूपामुळे उंदरांपेक्षा मोठ्या घुशीसदृश प्रयोगप्राण्यांच्या, म्हणजे रॅट जातीच्या, स्वादुपिंड-कर्कपेशींना प्रसाराची क्षमता येते, असे १९९१ मध्ये दिसले. डीडीआर-१ आणि डीडीआर-२ हे कोलॅजेनचे ग्राही असल्याचे १९९७ मध्ये उघड झाले. इंटिग्रिनप्रमाणे ते परक्या विकरांवर अवलंबून नसून स्वतःच टायरोसिन कायनेज आहेत.

उपचारांचे प्रयत्न

गाठीला वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात. डेव्हिड चेरेश यांच्या गटाने १९९४ मध्ये कोंबडीच्या भ्रूणावरील प्रयोगांतून दाखवले की, नव्या रक्तवाहिन्यांवर अल्फा-व्ही बीटा-३ विपुल असतो आणि त्याला रोखल्यास त्यांची वाढ थांबते. जर्मनीत होर्स्ट केसलर यांच्या गटाने आरजीडी क्रम असलेले वलयाकार पेप्टाइड तयार केले होते. त्यातून सिलेंगिटाइड हे औषध विकसित झाले. ते अल्फा-व्ही बीटा-३ आणि अल्फा-व्ही बीटा-५ या दोन्हींना रोखते. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अत्यंत घातक कर्करोगाच्या सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत त्याने आशा निर्माण केली.

त्यानंतर नव्याने निदान झालेल्या, विशिष्ट जनुकीय लक्षण असलेल्या ५४५ ग्लायोब्लास्टोमा रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. प्रारण आणि टेमोझोलोमाइड हे नेहमीचे उपचार सर्वांना देण्यात आले. निम्म्या रुग्णांना त्याशिवाय आठवड्यातून दोनदा २,००० मिलिग्रॅम सिलेंगिटाइड शिरेतून दिले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील मध्यक आयुर्मान सारखेच, २६.३ महिने होते. औषधाचा विकास तेथेच थांबला. मेलॅनोमाच्या रुग्णांवर तपासलेल्या इटारासिझुमॅब या अल्फा-व्ही बीटा-३ विरोधी प्रतिपिंडानेही अपेक्षित लाभ झाला नाही.

या अपयशाचा इशारा उंदरांवरील प्रयोगांनी आधीच दिला होता. बीटा-३ आणि बीटा-५ ही दोन्ही जनुके नसलेल्या उंदरांत गाठी आणि त्यांतील रक्तवाहिन्या कमी होण्याऐवजी वाढल्या, असे २००२ मध्ये आढळले होते. २००९ मध्ये याच दिशेने काम करणाऱ्या संशोधकांनी असेही दाखवले की, सिलेंगिटाइडसारखी औषधे अत्यल्प प्रमाणात असताना रक्तवाहिन्यांची वाढ उलट वाढवतात. हे औषध शरीरातून काही तासांतच निम्म्याने कमी होते. त्यामुळे दोन मात्रांच्या दरम्यान अशी अत्यल्प पातळी प्रत्यक्षात येत असावी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. आरजीडीची नक्कल करणारा रेणू ग्राहीला अडवताना काही अंशी त्याला उघडतोही, ही अडचण हृदयविकारातील औषधांतही दिसली आहे. रक्तपट्टिकांवरील अल्फा-२बी बीटा-३ ला रोखणारी तोंडाने घ्यायची औषधे मोठ्या चाचण्यांत मृत्यूचे प्रमाण वाढवणारी ठरली आणि त्यांचा विकास सोडून द्यावा लागला.

कर्करोगाबाहेर मात्र इंटिग्रिनविरोधी औषधे रूढ झाली आहेत. शिरेतून द्यावयाचे ॲब्सिक्सिमॅब १९९४ मध्ये हृदयरोगासाठी, नॅटॅलिझुमॅब २००४ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिससाठी आणि व्हेडोलिझुमॅब २०१४ मध्ये आतड्याच्या दाहासाठी मान्य झाले. या औषधांचे लक्ष्य रक्तपेशींवरील एखादी ठरावीक पकड असते. कर्करोगात मात्र गाठीतील पेशी, रक्तवाहिन्या, तंतुजनक पेशी आणि प्रतिकारपेशी हे सर्व घटक निरनिराळ्या इंटिग्रिनचा एकाच वेळी वापर करत असतात.

सिलेंगिटाइडनंतरच्या संशोधनाचा रोख काहीसा बदलला आहे. ग्राहीचे कार्य थांबवण्याऐवजी गाठीचा पत्ता म्हणून त्याचा उपयोग करण्याकडे कल आहे. अल्फा-व्ही बीटा-६ निरोगी प्रौढ ऊतकांत क्वचित आणि स्वादुपिंड, मुख व फुप्फुस यांच्या अनेक कर्करोगांत विपुल असल्याने त्याला चिकटणारे किरणोत्सारी पेप्टाइड वापरून पेट स्कॅनमध्ये गाठी शोधण्याचे प्रयोग रुग्णांवर झाले आहेत. याच ग्राहीला चिकटून पेशीच्या आत विष पोहोचवणाऱ्या प्रतिपिंड-औषध संयुगांच्याही चाचण्या फुप्फुसाच्या कर्करोगात सुरू करण्यात आल्या आहेत. टीजीएफ-बीटा मोकळा होणे थांबवून प्रतिकारक्षमतेवर आधारित उपचारांना गाठीत वाट करून देणे, हा अल्फा-व्ही गटाबाबतचा आणखी एक मार्ग प्रयोगप्राण्यांत तपासला जात आहे.